आधी अंगाला विचारा, मग आसनाला बसा



दरवर्षी २१ जूनचा योग दिवस होऊन गेला की पुढचा आठवडाभर माझ्या ओपीडीत एका ठराविक प्रकारचे पेशंट वाढतात. कुणाच्या कंबरेत उसण भरलेली असते. कुणाच्या मांडीमागची 'शीर' ओढली गेलेली असते (असतो तो स्नायू, पण आपल्याकडे सगळ्यालाच शीर म्हणतात). कुणाला मान फिरवता येत नाही. असाच दुसरा हंगाम डिसेंबर-जानेवारीत येतो. आपल्या जळगाव-धुळ्याकडे पारा ८-१० अंशांवर उतरला, की 'यंदा काही झालं तरी योग सुरू करायचाच' असं ठरवून लोक पहाटे उठतात, गारठलेल्या गच्चीवर सतरंजी टाकतात आणि पहिल्याच मिनिटाला पायाचे अंगठे पकडायला वाकतात.

गेल्या हिवाळ्यात असेच एक निवृत्त शिक्षक आले. धुळ्याजवळच्या गावातले, वय ६४. योग सुरू करून चौथा दिवस, पश्चिमोत्तानासन करताना कंबरेत चमक भरली. दोघांनी धरून आणलं. तपासलं. नशिबाने नस दबलेली नव्हती, स्नायूच आखडले होते. औषध लिहून दिलं आणि विचारलं, "गुरुजी, आसनांआधी अंग मोकळं करत होतात का? निदान पाय, कंबर थोडी चोळून घ्यायचात का?"

दुखत असूनही गुरुजी हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अंग चोळत बसायला मी काय बाळंतीण आहे?"

आणि जाताना दाराशी थांबून म्हणाले, "योग काही आपल्याला सोसत नाही. आता बंद."

मला राग आला. गुरुजींचा नाही, या दोन वाक्यांचा. कारण पहिलं वाक्य डोक्यात असतं म्हणूनच दुसरं तोंडात येतं. वीस-वीस वर्षं चालू शकला असता असा चांगला व्यायाम माणसं चौथ्या दिवशी सोडून देतात, आणि खापर योगावर फुटतं. आजचा लेख या दोन वाक्यांशी भांडण्यासाठी आहे.

अंग चोळणं फक्त बाळंतिणीचं काम आहे का?

आपल्याकडे अंग चोळण्याची परंपरा काही कमी नाही. बाळाला आंघोळीआधी तेल लावून चोळतात. बाळंतिणीला शेक-शेगडी होते, अंगाला तेल होतं. तालमीतले पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. एवढंच काय, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढलेला त्याचा खांदा गरम पाण्याने शेकतो, हळद-तूप लावून मळतो. ज्या खांद्याकडून काम घ्यायचं त्याची विचारपूस करावी लागते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

यात राहिलं कोण? तुम्ही. दुकानाच्या गादीवर दहा तास बसणारे, कापूस वेचताना दिवसभर वाकणाऱ्या, बँकेत मान पुढे काढून कॉम्प्युटर पाहणारे, ओट्याशी उभं राहून दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या. बाळपण संपलं की आपल्या अंगाला तेलाचा हात लागतो तो दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला. बैलाचा खांदा वर्षातून एकदा हातात घेतला जातो आणि आपलाही वर्षातून एकदाच. म्हणजे आपण आणि बैल बरोबरीत सुटलो.

त्यात आता मसाज म्हणजे मॉलमधला स्पा, म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असं एक समीकरण झालं आहे. त्यामुळे पुरुषांना तो बायकी वाटतो, बायकांना 'स्वतःसाठी एवढा वेळ काढणं' अपराध वाटतो आणि तरुणांना म्हाताऱ्यांचं काम वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. तुम्ही चाळिशी ओलांडली असेल, काम बैठं असेल किंवा सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतील, तर आसन किंवा ध्यानाला बसण्याआधी दहा मिनिटं स्वतःच्या हातांनी स्वतःचं अंग चोळा. याला लाड समजू नका. ही रोजची तपासणी आहे, आणि ती करायला डॉक्टर लागत नाही.

जुन्या ग्रंथांत क्रम काय आहे?

मी ॲलोपॅथीचा डॉक्टर आहे, संस्कृतचा पंडित नाही. पण 'हे मसाजचं फॅड कुठून काढलं?' असं विचारणाऱ्यांसाठी हा संदर्भ देतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथात दिनचर्येचा एक अध्याय आहे. त्यात आधी अभ्यंग म्हणजे तेलाने अंग चोळणं येतं, त्यानंतर व्यायाम येतो. अभ्यंग रोज करावा आणि डोकं, कान, पाय यांना विशेष करावा, असं तो सांगतो. व्यायाम झाल्यावर पुन्हा सगळं अंग सुखावेल इतपत चोळावं, असंही सांगतो. म्हणजे आधीही आणि नंतरही.

त्याच अध्यायातल्या आणखी दोन गोष्टी आपण सोयीस्करपणे विसरतो. पहिली, बळकट आणि चांगलं स्निग्ध खाणाऱ्या माणसानेसुद्धा थंडीत आणि वसंतात व्यायाम अर्ध्याच शक्तीने करावा, बाकीच्या ऋतूंत त्याहून हलका. मे महिन्यात ४४-४५ अंशांत तापणाऱ्या आपल्या खानदेशाने हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवायला हवं. दुसरी, अभ्यंग कुणी करू नये हेही तो सांगतो: कफाचा त्रास असलेल्याने, नुकतंच शोधन म्हणजे वमन-विरेचन झालेल्याने, आणि अजीर्ण झालेल्याने. मसाज सगळ्यांना, सगळ्या वेळी, सगळ्या आजारांवर चालतो असं म्हणणारे बाटलीवरचं लेबल वाचतात, ग्रंथ वाचत नाहीत.

हठयोगातही चोळणं आहेच. हठप्रदीपिकेत प्राणायामाने आलेला घाम अंगातच चोळावा, त्याने शरीर दृढ आणि हलकं होतं, असं म्हटलं आहे. ते तसंच घ्यायचं की नाही हा वेगळा प्रश्न, पण योगाभ्यास करणाऱ्याने स्वतःच्या अंगाला स्वतः हात लावायचा असतो, ही कल्पना आजची नाही एवढं त्यावरून दिसतं.

आता एक आपल्या मातीतली गोष्ट. योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, लोणावळ्याला जाण्याआधी आपल्या अमळनेरला शिकवत होते, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं हे त्यांनी एक्स-रे काढून पाहिलं. 'परंपरेत आहे म्हणून खरं' असं म्हणून ते थांबले नाहीत, आणि 'परंपरेत आहे म्हणून खोटं' असंही म्हणाले नाहीत. मसाजबद्दल बोलताना आपणही तीच शिस्त पाळू.

मसाजने काय होतं आणि काय होत नाही?

आधी काय होत नाही ते सांगतो, कारण बाजारात त्याचीच विक्री जास्त आहे.

मसाजने शरीरातले 'विषारी पदार्थ' बाहेर पडत नाहीत. ते काम लिव्हर आणि किडनी करतात. मसाजने चरबी वितळत नाही. गुडघ्याची झिजलेली गादी तेलाने भरून येत नाही. तेल त्वचेवर राहतं, गुडघ्याच्या आत जाऊन वंगण करत नाही. नस दबली असेल तर ती चोळून सुटत नाही. 'महिनाभर हे तेल लावा, ऑपरेशन टळेल' असं सांगून महागडी बाटली विकणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: महिन्याने गुडघा बरा झाला नाही तर पैसे परत देणार का?

आता काय होतं ते पाहू.

चोळल्याने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, ऊब येते. आखडलेला स्नायू थोडा सैल पडतो. ताण सहन करण्याची त्याची तयारी वाढते, त्यामुळे सांधा थोडा जास्त वळतो. हातांनी किंवा रोलरने स्नायू चोळून झालेल्या अभ्यासांतही असाच मध्यम, थोडा वेळ टिकणारा फायदा दिसला आहे. लक्षात घ्या, थोडा आणि थोडाच वेळ. म्हणून मी मसाजला व्यायामाचा पर्याय म्हणत नाही, व्यायामाचा उंबरठा म्हणतो. स्नायू आतून खऱ्या अर्थाने गरम होतात ते हालचालीने. सांध्यातला वंगणासारखा द्रव पातळ होऊन नीट पसरतो तोही हालचालीने. म्हणून क्रम असा ठेवा: दहा मिनिटं चोळणं, पाच मिनिटं सांध्यांची हलकी हालचाल, मग आसन.

सकाळच्या वेळेची आणखी एक गोष्ट. मणक्यांच्या मधल्या गाद्या रात्रभर झोपेत पाणी शोषून फुगतात. म्हणूनच माणूस सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटीमीटर उंच भरतो. फुगलेली गादी ताठ असते, आणि अशा वेळी जोरात पुढे वाकलं तर तिच्यावरचा ताण जास्त येतो. गुरुजी अंथरुणातून उठून दहाव्या मिनिटाला पश्चिमोत्तानासनात होते. त्यांचं आसन चुकलं नव्हतं, वेळ चुकली होती. उठल्यावर तोंड धुतलं, घरात चार फेऱ्या मारल्या, दहा मिनिटं अंग चोळलं, सांधे हलवले, की पाऊण तास सहज जातो. तेवढा वेळ पाठीला द्यावाच लागतो.

हात हे तपासणीचं साधन आहे

हे सगळं मी मान्य केलं, फायदा मध्यम आहे हेही सांगितलं, तरी मी एवढा हट्ट का धरतो? त्याचं कारण वेगळं आहे.

एरंडोलकडचे एक शेतकरी माझे जुने पेशंट. वय ५८, बारा वर्षांचा डायबेटिस. त्यांना मी सांगून ठेवलं होतं की सकाळी प्राणायामाला बसण्याआधी दोन्ही तळपाय हातात घ्यायचे, बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवायचं, टाच दाबून पाहायची. ते वैतागून करायचे. एके दिवशी सकाळी त्यांच्या हाताला उजव्या तळव्याखाली काहीतरी टोचलं. पाहतात तर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडाचा, तुकडा आत रुतलेला, भोवती ओलसर. कधी घुसला माहीत नाही, कारण दुखलंच नव्हतं. डायबेटिसने तळव्याची संवेदना गेली होती. त्याच दिवशी ते आले, जखम साफ केली, ड्रेसिंग झालं, तीन आठवड्यांत भरली. हीच जखम पंधरा दिवसांनी कळली असती तर काय झालं असतं, हे ज्यांच्या घरात डायबेटिसमुळे कुणाचं बोट किंवा पाय कापावा लागला आहे, त्यांना सांगायची गरज नाही.

त्या माणसाच्या पायाला डोळ्यांनी फसवलं, पायाच्या नसांनी फसवलं. खरं सांगितलं ते हाताने.

स्वतःचं अंग रोज चोळणाऱ्याला आपला 'कालचा' पाय माहीत असतो. त्यामुळे आज डावी पोटरी उजवीपेक्षा सुजलेली आहे, गुडघा गरम लागतो आहे, खांद्याच्या एका जागी दाबलं की कळ हातापर्यंत जाते आहे, काखेत काल नव्हती अशी गाठ लागते आहे, हे त्याला पहिल्यांदा कळतं. ज्याने वर्षभर अंगाला हातच लावला नाही, त्याला ते मी सांगितल्यावर कळतं, आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

आणि आज कोणतं आसन करायचं, कोणतं सोडायचं, हेही तिथेच ठरतं. गुडघा गरम आहे? आज वज्रासन नाही. मान आखडली आहे? सर्वांगासन नाही. वर्गात शेजारचा करतो म्हणून, शिक्षक पाहत आहेत म्हणून, फोटो काढायचा आहे म्हणून आसन करू नका. आपलं अंग आज 'हो' म्हणतंय का, एवढंच पाहा.

ध्यानाला बसणाऱ्यांसाठी

'आम्ही आसनं करत नाही, फक्त ध्यान करतो, आम्हाला मसाज कशाला?' असं विचारणारे बरेच आहेत. त्यांना माझा उलटा प्रश्न: ध्यानात पहिली तक्रार कोण करतं? मन की घोटा?

मांडी घालून बसलं की दहाव्या मिनिटाला पायाला मुंग्या येतात, कारण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दाबली जाते. पंधराव्या मिनिटाला खुबा ओढतो. विसाव्या मिनिटाला कंबर. मग आपण म्हणतो, 'माझं मन फार चंचल आहे.' मन बिचारं वीस मिनिटं घोट्याची तक्रार ऐकत असतं. आधी घोटे, पोटऱ्या, मांड्या, खुबे चोळून बसा, कुल्ल्यांखाली घडी केलेली चादर घ्या, आणि तरी जमत नसेल तर सरळ खुर्चीवर बसा. खुर्चीवर बसून केलेलं ध्यान कमी प्रतीचं नसतं.

चोळण्याचा वेगही महत्त्वाचा. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हात-पाय-पाठ यांच्या त्वचेत, काही खास नसा असतात ज्या सावकाश स्पर्शाला सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर इतक्या संथ वेगाला. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो हाच वेग. म्हणून आसनांआधी थोडं जोमाने चोळा, ध्यानाआधी मात्र हात सावकाश फिरवा.

यात एक गंमत आहे. आपणच आपल्याला गुदगुल्या करू शकत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. स्वतःच्या हाताचा स्पर्श कुठे होणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो त्याची दखल कमी घेतो. त्यामुळे मोबाइलवर बोलत, बातम्या ऐकत पाय चोळले तर मेंदूपर्यंत फार काही पोचत नाही. स्वतःला चोळताना लक्ष हाताखाली ठेवावं लागतं. आणि दहा मिनिटं लक्ष एका जागी ठेवणं म्हणजेच तुम्ही ज्यासाठी बसणार आहात ते. ध्यान तिथूनच सुरू झालं समजा.

दहा मिनिटांत काय करायचं?

पोट रिकामं असावं. बसायला पलंगाची कड किंवा खुर्ची चालेल. दाब किती? भाकरीचं पीठ मळतो तेवढा. दुखरा दाब नको. चेहरा वेडावाकडा झाला की दाब जास्त झाला.

१. तळहात एकमेकांवर घासून ऊब आणा. एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत ओढा. (अर्धं मिनिट)

२. एक पाऊल मांडीवर घ्या. तळवा अंगठ्याने दाबा, बोटांच्या बेचक्या पाहा, टाच मळा, घोटा गोल फिरवा. मग दुसरं पाऊल. पाय मांडीवर येत नसेल तर छोट्या स्टुलावर ठेवा. (तीन मिनिटं)

३. पोटऱ्या आणि मांड्या खालून वर, हृदयाच्या दिशेने चोळा. गुडघ्याच्या वाटीभोवती बोटं गोल फिरवा, वाटी दाबू नका. (दोन मिनिटं)

४. मुठी वळून कंबरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू आणि खुबे घासा. मधल्या मणक्यावर दाब नको. (एक मिनिट)

५. पोटावर तळहात हलका, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. (अर्धं मिनिट)

६. उजव्या हाताने डावा खांदा पकडून मळा, मग उलट. दंड, कोपर, मनगट. मानेचा फक्त मागचा भाग चेपा. (दोन मिनिटं)

७. कानशिलं, जबड्याचा सांधा, भुवया, डोक्याची त्वचा. जबडा सैल सोडा. (एक मिनिट)

त्यानंतर पाच मिनिटं घोटे, गुडघे, खुबे, खांदे, मान यांची सावकाश हालचाल, आणि मग आसन.

तेल लावायचं का? थंडीत तिळाचं किंवा शेंगदाण्याचं कोमट तेल चमचाभर पुरे, कारण आपल्याकडच्या कोरड्या थंडीत त्वचा तडकते. उन्हाळ्यात कोरडा हात किंवा ओला पंचा चांगला. तेल लावलं असेल तर तळवे आणि तळहात पुसल्याशिवाय सतरंजीवर उभे राहू नका. तेलकट पायाने वृक्षासन करायला जाऊन मनगट मोडून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. तेल किती गरम आहे ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा; डायबेटिसवाल्यांनी हे घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं. आणि कानात तेल ओतू नका.

कधी चोळायचं नाही?

हा भाग कृपया वगळू नका.

• एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखू लागली, विशेषतः लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा अंथरुणावर पडून राहिल्यानंतर: तिथे रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हात लावू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

• ताप, त्वचेवर संसर्ग, उघडी जखम, नुकता मार लागून आलेली सूज.

• पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर त्यांच्यावर दाब नको.

• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हात हलका ठेवा, मसाज गन अजिबात वापरू नका. काळे-निळे डाग पडतात.

• मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर कधीच दाबू नका, वय जास्त असेल तर मुळीच नाही. तिथून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नळ्या जातात. तिथला दाब नाडी मंद करून चक्कर आणू शकतो.

• कंबरदुखीबरोबर पायात जोर कमी झाला, बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर मसाज, शेक, आसन सगळं बंद, आणि लगेच हॉस्पिटल.

• गरोदर असाल तर पोट आणि कंबर चोळू नका. बाकीचं आपल्या डॉक्टरांना विचारून.

काही आक्षेप

'एवढा वेळ कुठून आणायचा?' जास्तीचा आणू नका. चाळीस मिनिटांचा योग करत असाल तर त्यातलीच पंधरा मिनिटं यासाठी काढा. दोन आसनं कमी झाली तर काही बिघडत नाही. कंबर धरून तीन आठवडे घरी बसलात तर चाळीसच्या चाळीस मिनिटं जातील.

'आमच्या योगवर्गात तर सरळ आसनं सुरू करतात, आम्हाला काही झालं नाही.' शक्य आहे. तुमचे शिक्षक सोप्या हालचालींपासून हळूहळू चढत असतील तर तोही वॉर्म-अपच आहे, आणि चांगला आहे. वीस वर्षांच्या मुलाने मे महिन्यात संध्याकाळी सूर्यनमस्कार घालण्याआधी मसाज केला नाही तर मी त्याला रागावणार नाही. पण पन्नाशीचा माणूस, जानेवारीची पहाट आणि थंड फरशी यांची गोष्ट वेगळी आहे. आणि ज्या वर्गात साठीच्या माणसाला पहिल्या दिवशी 'अजून वाका, अजून वाका' म्हणून पाठीवर हाताने दाब दिला जातो, त्या वर्गातून उठून घरी या. त्यात उद्धटपणा नाही.

'घरातलं कुणी चोळून दिलं तर?' छानच. जास्त सुख मिळेल. पण तपासणी स्वतःचीच हवी. सुनेने, मुलाने किंवा पैसे देऊन बोलावलेल्या माणसाने चोळलं तर त्यांना तुमचं अंग कळेल, तुम्हाला नाही.

गुरुजींचं पुढे काय झालं?

चमत्कार झाला नाही. कंबर सुटायला अडीच आठवडे लागले. मग मी त्यांच्या बायकोला, मावशींना, सोबत बोलावलं आणि दोघांनाही वरचा क्रम करून दाखवला. पश्चिमोत्तानासन सहा महिन्यांसाठी बंद केलं. ते पुन्हा सुरू झालं तेव्हाही अंगठे पकडण्याची अट काढून टाकली. आज गुरुजी गुडघे थोडे वाकवून, हात पोटऱ्यांपर्यंत नेऊन थांबतात.

परवा बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला दोघं आले होते. मावशी म्हणाल्या, "साहेब, आता हे रोज सकाळी पाय मांडीवर घेऊन बसतात. चहा गार होतो तरी उठत नाहीत." गुरुजी म्हणाले, "अंगठ्याच्या नखात काहीतरी पिवळं दिसतंय दोन दिवसांपासून. बघता का जरा?"

पाहिलं. नखाला बुरशी लागायला सुरुवात झाली होती. साधी गोष्ट, औषध दिलं. पण ६४ वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या पायाचं नख दिसलं होतं.

उद्या सकाळी एवढंच करा. सतरंजी उलगडण्याआधी पलंगाच्या कडेला बसा, एक पाऊल हातात घ्या आणि नीट पाहा. कुठे दुखतंय, कुठे गार आहे, कुठे बधिर आहे. मग दुसरं. काही वेगळं वाटलं तर आसन राहू द्या आणि आपल्या जवळच्या डॉक्टरांना दाखवा. काही वाटलं नाही तर चोळा, हलवा आणि मग निवांत बसा.

काळजी घ्या.